वाचकांचे प्रश्न : कंपायलर नेमके काय सांगत असतो?

सी भाषेच्या कंपायलरकडून (प्रोग्रॅमचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणाऱ्या साधनाकडून) येणाऱ्या एरर आणि वॉर्निंग यांच्याविषयी बरीच पत्रे साठली होती. त्यांतली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे लांबलचक असल्यामुळे प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. कोड आणि कंपायलरचे संदेश येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. पडद्यावर ते रोमन अक्षरांत दिसतात आणि टंकतानाही तसेच टंकायचे असतात. वेगळा उल्लेख नसेल तेथे उदाहरण जीसीसी या कंपायलरचे आहे असे समजावे.

प्रश्न : माझ्या ६० ओळींच्या प्रोग्रॅममध्ये कंपायलर ३० हून अधिक एरर दाखवतो. त्यांतली पहिली बाराव्या ओळीवर आहे, पण बारावी ओळ मी दहा वेळा तपासली आणि तिच्यात काहीच चुकलेले नाही. कंपायलरचेच चुकत असेल का?

उत्तर : कंपायलरचे चुकत असण्याची शक्यता अगदीच थोडी आहे, पण बारावी ओळ बरोबर आहे हे आपले म्हणणेही खरे असू शकते. संदेशात जो ओळ-क्रमांक छापला जातो तो ‘चूक येथे आहे’ असे सांगत नाही. ‘येथवर वाचत आल्यावर मला पुढे जाता आले नाही’ एवढेच तो सांगतो. चूक झाल्याची जागा आणि कंपायलर अडल्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातले अंतर कधी एका ओळीचे तर कधी एका संपूर्ण फाइलचे असते.

आपण पाठवलेल्या कोडमधली अकरावी ओळ पाहा. ‘इंट टोटल = ०’ एवढे लिहून आपण थांबला आहात आणि अर्धविराम राहून गेला आहे. सी भाषेत ओळ संपली म्हणून विधान संपत नाही, त्यामुळे कंपायलर अर्धविरामाच्या शोधात खालच्या ओळीवर उतरतो आणि तेथे त्याला ‘प्रिंटएफ’ हा शब्द भेटतो. शून्यानंतर स्वल्पविराम आला असता तर आणखी एक चल जाहीर होतो आहे असे त्याने मानले असते. अर्धविराम आला असता तर विधान संपले असे मानले असते. ‘प्रिंटएफ’ मात्र दोन्हींत बसत नाही. म्हणून संदेश येतो : ‘एक्स्पेक्टेड कॉमा ऑर सेमिकोलन बिफोर प्रिंटएफ’. या संदेशातला महत्त्वाचा शब्द ‘बिफोर’ हा आहे. ‘प्रिंटएफच्या आधी काहीतरी हवे होते’ असे कंपायलर स्पष्ट सांगत असताना आपण ‘प्रिंटएफ’कडेच दहा वेळा पाहत बसला होता.

आता उरलेल्या एररचे पाहू. त्यांचे मूळ तेविसाव्या ओळीवर आहे, कारण तेथे एक बंद होणारा महिरपी कंस जास्तीचा पडला आहे. त्या कंसाने ‘मेन’ हे फंक्शन मध्येच संपवले, आणि त्यानंतरची प्रत्येक ओळ कोणत्याही फंक्शनच्या बाहेर पडली. फंक्शनच्या बाहेर सी भाषेत फक्त घोषणा आणि व्याख्या चालतात, त्यामुळे बाहेर उभे असलेले ‘फॉर’, ‘रिटर्न’ आणि साधी बेरीजसुद्धा कंपायलरला विचित्र वाटू लागते. ‘डेटा डेफिनिशन हॅज नो टाइप ऑर स्टोरेज क्लास’ हा आपल्याला सर्वांत गूढ वाटलेला संदेश याच कारणाने आला आहे : ‘टोटल = टोटल + एक्स’ ही ओळ फंक्शनच्या बाहेर दिसल्यामुळे ती एखाद्या जागतिक चलाची व्याख्या असावी असे कंपायलरने धरले आणि ‘मग याचा प्रकार कुठे लिहिला आहे?’ असे विचारले. एक कंस काढला की हे सगळे एकदम नाहीसे होईल.

यावरून कामाची रीत ठरते. यादीतली पहिली एरर वाचावी, ती दुरुस्त करावी आणि लगेच पुन्हा कंपाइल करावे. पडद्यावर सर्वांत खाली दिसणारी एरर डोळ्यांसमोर असते म्हणून नवखे विद्यार्थी तिच्यापासून सुरुवात करतात, आणि ती बहुधा आधीच्या चुकीची सावली असते. पडदा फार भरत असेल तर ‘-एफमॅक्स-एरर्स=१’ हा पर्याय द्यावा, म्हणजे कंपायलर पहिल्या एररलाच थांबतो.

कंस जास्तीचा पडण्याऐवजी राहून गेला तर मात्र उलटा प्रकार होतो. तेव्हा संदेश एकच येतो, तोही फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर : ‘एक्स्पेक्टेड डिक्लेरेशन ऑर स्टेटमेंट ॲट एंड ऑफ इनपुट’. पहिल्याच फंक्शनचा कंस राहिला असला तरी पुढची पाच फंक्शने जीसीसी मुकाट्याने वाचून टाकतो, कारण एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन लिहिण्याची मुभा त्याने स्वतःच्या अधिकारात, प्रमाण भाषेच्या बाहेर जाऊन, दिलेली आहे. क्लँग या कंपायलरने ती मुभा दिलेली नसल्यामुळे तो दुसऱ्या फंक्शनच्या तोंडाशीच तक्रार करतो. कंस हरवला असेल आणि सापडत नसेल, तर तीच फाइल एकदा क्लँगला द्यावी. ओळ-क्रमांक मुळाच्या बराच जवळ येतो.

प्रश्न : एका लेखातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून चिकटवला. कंपायलर म्हणतो : ‘स्ट्रे \३४२ इन प्रोग्रॅम’, मग ‘स्ट्रे \२००’, मग ‘स्ट्रे \२३४’. माझ्या प्रोग्रॅममध्ये हे आकडे कुठेच नाहीत.

उत्तर : हे आकडे अष्टमान पद्धतीतले आहेत आणि ते एकेका बाइटची किंमत सांगतात. अष्टमान ३४२ म्हणजे दशमान २२६, २०० म्हणजे १२८ आणि २३४ म्हणजे १५६. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत हे तीन बाइट याच क्रमाने आले की त्यांतून सुरुवातीचे वळणदार दुहेरी अवतरणचिन्ह तयार होते. लेख ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला गेला त्याने सरळ अवतरणचिन्हाचे ‘सुंदर’ वळणदार चिन्ह करून टाकले. डोळ्यांना ते अवतरणचिन्हच दिसते, परंतु सी भाषेला सरळ चिन्ह तेवढे ठाऊक असल्यामुळे तिच्या दृष्टीने ते तीन भटके बाइट आहेत. मजकुराच्या शेवटी \२३४ ऐवजी \२३५ येईल, कारण तेथे बंद होणारे चिन्ह असते.

आकडे \३०२ आणि \२४० असे असतील तर ती अक्षरांमधली न तुटणारी रिकामी जागा असते. ती साध्या रिकाम्या जागेसारखीच दिसत असल्यामुळे ओळ कितीही निरखली तरी सापडत नाही. अशा वेळी ती ओळ पुसून हाताने पुन्हा टंकणे हाच सर्वांत जलद उपाय. देवनागरी कळफलक चालू राहिल्यामुळे एखादा देवनागरी आकडा कोडमध्ये शिरला तर त्याच्या तीन बाइटांची सुरुवात \३४० ने होते, ही आपल्यापैकी बऱ्याच जणांना उपयोगी पडणारी खूण आहे. कंपायलरच्या नव्या आवृत्त्या काही चिन्हांच्या बाबतीत बाइट न सांगता ते चिन्हच छापून दाखवतात, त्यामुळे आपल्या मित्राच्या संगणकावर संदेश वेगळा दिसला तर गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : एरर आली तर प्रोग्रॅम तयारच होत नाही, हे समजते. पण वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम तयार होतो, चालतो आणि उत्तरही बरोबर देतो. मग तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण काय?

उत्तर : एरर म्हणजे ‘आपण लिहिलेले मला समजले नाही’ किंवा ‘ते भाषेच्या नियमात बसत नाही’. वॉर्निंग म्हणजे ‘आपण लिहिलेले नियमात बसते आणि मला समजलेही, पण आपल्याला हेच म्हणायचे होते का?’ पहिल्या प्रकारात कंपायलर आपल्याला अडवतो. दुसऱ्यात तो प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या शब्दाला मान देऊन पुढे जातो. उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर उरते, आणि प्रोग्रॅम एकदा बरोबर चालला म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे होत नाही.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. ‘इफ (मार्क्स = ३५)’ असे एका ओळीत लिहिले आहे आणि लिहिणाऱ्याला ‘गुण ३५ असतील तर’ असे म्हणायचे आहे. सी भाषेत एकेरी बरोबरचे चिन्ह तुलना करत नाही, किंमत ठेवते. त्यामुळे आधी ‘मार्क्स’मध्ये ३५ भरले जातात, मग त्या संपूर्ण पदावलीची किंमत ३५ ठरते, आणि शून्य नसलेली कोणतीही किंमत सत्य मानली जात असल्यामुळे अट नेहमीच खरी निघते. ज्याचे गुण खरोखरच ३५ आहेत अशा नोंदीवर हा प्रोग्रॅम तपासला तर तो निर्दोष वाटेल. भाषेच्या नियमात हे सर्व बसते, म्हणून एरर येत नाही. ‘-डब्ल्यू-ऑल’ हा नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय दिलेला असेल तर वॉर्निंग येते : ‘सजेस्ट पॅरेन्थिसिस अराउंड असाइनमेंट यूज्ड ॲज ट्रुथ व्हॅल्यू’.

हा संदेश ज्यांनी शब्दबद्ध केला त्यांच्यावर माझा थोडा राग आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘येथे आणखी एक कंस घालावा असे सुचवतो’ असा होतो, आणि आज्ञाधारक विद्यार्थी तेच करतो : ‘इफ ((मार्क्स = ३५))’. वॉर्निंग ताबडतोब गप्प होते आणि चूक जागच्या जागी राहते. जादा कंस हा खरे तर एक संकेत आहे. ‘होय, मला किंमतच ठेवायची आहे, मी जाणूनबुजून लिहिले आहे’ असे त्यातून कंपायलरला सांगितले जाते. ज्याला तुलना करायची होती त्याने तो कंस घालणे म्हणजे न वाचता सही करण्यासारखे आहे. याबाबतीत क्लँग अधिक समंजस आहे. तो वॉर्निंगच्या खाली दोन टिपा देतो : किंमत ठेवायची असेल तर कंस घाला, आणि तुलना करायची असेल तर दुहेरी बरोबर लिहा. कोणती टीप आपली, ते आपण ठरवायचे.

हा कंस किती धोक्याचा ठरू शकतो याचा एक नमुना नोव्हेंबर २००३ मध्ये जगासमोर आला. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, मूळ कोड ज्या भांडारात होता त्याची एक प्रत सीव्हीएस या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत ठेवली जात असे. त्या प्रतीत कोणीतरी दोन ओळी गुपचूप घुसवल्या होत्या. ‘वेट४’ या फंक्शनमधली ती एक निरुपद्रवी दिसणारी तपासणी होती, आणि तिच्यात चालू प्रक्रियेचा वापरकर्ता-क्रमांक शून्य आहे का हे पाहिल्याचा भास होत होता. प्रत्यक्षात तेथे एकेरी बरोबर होते. म्हणजे ठरावीक पद्धतीने ते फंक्शन हाकारणाऱ्याला शून्य हा क्रमांक, अर्थात सर्वाधिकारी रूट वापरकर्त्याचा दर्जा, बहाल होणार होता. तो भाग नीट कंसात घातलेला असल्यामुळे कंपायलरने चकार शब्द काढला नसता. मूळ भांडार आणि प्रत यांचा मेळ बसत नाही हे लक्षात आल्यामुळे प्रकार उघडकीस आला आणि मूळ कोडपर्यंत तो पोहोचला नाही. वॉर्निंग गप्प आहे म्हणजे कोड स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही, ही दुसरी बाजूही यातून दिसते.

प्रश्न : वर्गमूळ काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ असा संदेश येतो आणि त्याच्यासोबत ओळ-क्रमांकच नसतो. ‘मॅथ’ची हेडर फाइल मी समाविष्ट केली आहे. आश्चर्य म्हणजे ‘एसक्यूआरटी(२.०)’ लिहिले की प्रोग्रॅम चालतो, आणि ‘एसक्यूआरटी(एक्स)’ लिहिले की चालत नाही.

उत्तर : हा संदेश कंपायलरचा नाही. ज्याला आपण एका आज्ञेने ‘कंपाइल करणे’ म्हणतो त्यात चार जण पाठोपाठ काम करतात : प्रीप्रोसेसर हेडर फाइल आणून जोडतो, कंपायलर सी भाषेचे असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या जवळच्या भाषेत, रूपांतर करतो, असेंब्लर त्याची ऑब्जेक्ट फाइल (यंत्रभाषेतली फाइल) बनवतो आणि लिंकर त्या फाइलींना एकमेकींशी आणि लायब्ररींशी जोडतो. संदेश कोणाच्या तोंडचा आहे हे ओळखले की अर्धे काम होते. ओळ आणि स्तंभ यांचे क्रमांक देऊन व्याकरणाची तक्रार करतो तो कंपायलर. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो, टेम्पररी फोल्डरमधल्या एखाद्या विचित्र नावाच्या ऑब्जेक्ट फाइलचा हवाला देतो आणि शेवटी ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ असे छापून जातो तो लिंकर. त्याच्या हाती आपला सी कोड पडतच नाही, म्हणून त्याला ओळ-क्रमांक ठाऊक नसतो. ‘-जी’ देऊन डीबगची माहिती ऑब्जेक्ट फाइलमध्ये घातली असेल तर तो सांगू शकतो.

हेडर फाइलमध्ये ‘एसक्यूआरटी नावाचे फंक्शन आहे, ते डबल घेते आणि डबल देते’ एवढीच घोषणा असते. प्रत्यक्ष फंक्शन लिनक्सवर गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असते, आणि ती जोडण्यासाठी आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ लिहावे लागते. ‘शेवटी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि तोवर ज्या नावांची उणीव त्याला जाणवलेली असते तीच लायब्ररीतून उचलतो. लायब्ररी आधी आणि आपली फाइल नंतर दिली तर लायब्ररी उघडून मिटली जाते आणि मागाहून उणीव निघते.

आपल्या आश्चर्याचे कारण असे की २.० ही स्थिर संख्या आहे. तिचे वर्गमूळ कंपायलर कंपाइल करतानाच काढून उत्तर प्रोग्रॅममध्ये लिहून टाकतो, त्यामुळे फंक्शन हाकारण्याची वेळच येत नाही आणि लिंकरला काही शोधावे लागत नाही. ‘एक्स’ची किंमत मात्र प्रोग्रॅम चालल्यावरच कळते.

याच घराण्यातले आणखी दोन संदेश सांगून ठेवतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन’ आले तर ‘मेन’चे स्पेलिंग तपासावे, ‘मिअन’ असे टंकले जाणे फार नेहमीचे आहे, आणि कंपायलरच्या दृष्टीने ते एक वैध नाव असल्यामुळे तो काही बोलत नाही. आणि ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ’ आले तर जागतिक चलाची व्याख्या हेडर फाइलमध्ये लिहून ती दोन फाइलींत समाविष्ट केलेली असण्याची शक्यता मोठी. जुना जीसीसी अशा दोन व्याख्या निमूट एकत्र करत असे. २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून तो तसे करत नाही. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावून घोषणा ठेवावी आणि व्याख्या एकाच फाइलमध्ये लिहावी.

प्रश्न : माझा प्रोग्रॅम गेली पंधरा वर्षे कंपाइल होत होता. कंपायलर नवा केल्यावर ‘इम्प्लिसिट डिक्लेरेशन ऑफ फंक्शन’ ही एरर म्हणून येते. पूर्वी ती वॉर्निंग होती. चालू असलेल्या गोष्टी मोडण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

उत्तर : आपला वैताग समजतो, तरीही या बाबतीत माझे मत कंपायलरच्या बाजूने आहे. फंक्शन आधी जाहीर न करता वापरले तर ते ‘इंट’ परत देते असे गृहीत धरावे, हा सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणातला नियम होता. १९९९ च्या प्रमाणाने तो काढून टाकला. त्यानंतर कंपायलर जवळजवळ पाव शतक केवळ वॉर्निंग देत राहिले. क्लँगने २०२३ मध्ये सोळाव्या आवृत्तीत आणि जीसीसीने २०२४ मध्ये चौदाव्या आवृत्तीत तिची एरर केली. एवढी दीर्घ मुदत क्वचितच कोणी देत असेल.

हे गृहीतक घातक का आहे, ते पाहा. आपले ‘शोधा’ नावाचे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि ते पॉइंटर, म्हणजे स्मृतीतला पत्ता, परत देते. या फाइलमध्ये त्याची घोषणा नाही, म्हणून जुना कंपायलर समजतो की ते ‘इंट’ देते. ६४ बिटच्या नेहमीच्या यंत्रावर पॉइंटर आठ बाइटचा आणि ‘इंट’ चार बाइटचा असतो. परत आलेल्या पत्त्याचा अर्धा भाग त्यामुळे कापला जातो, उरलेला अर्धा पुन्हा पॉइंटरमध्ये भरला जातो आणि प्रोग्रॅम त्या खोट्या पत्त्यावर जाऊन कोसळतो. पत्ता लहान असेल तर कापण्यासारखे काही नसते आणि सर्व सुरळीत चालते. म्हणजे स्मृतीच्या मांडणीवर अवलंबून प्रोग्रॅम आज चालेल आणि उद्या पडेल. या प्रकारात ‘मेक्स पॉइंटर फ्रॉम इंटिजर विदाउट अ कास्ट’ अशी दुसरी वॉर्निंगही जोडीने येत असे. ‘विदाउट अ कास्ट’ हे शब्द वाचून अनेकांनी तेथे कास्ट, म्हणजे किंमतीचा प्रकार बदलण्याची लेखी सूचना, चिकटवला आणि ती गप्प केली. मूळ रोग घोषणा नसण्याचा होता.

दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते : योग्य हेडर फाइल समाविष्ट करावी, किंवा आपल्या फंक्शनसाठी स्वतःची हेडर लिहावी. कोड फार मोठा असेल आणि मुदत हवी असेल तर जीसीसी १४ मध्ये ‘-एफपरमिसिव्ह’ हा पर्याय देऊन या एरर पुन्हा वॉर्निंगच्या पातळीवर आणता येतात. ती सोय काही दिवसांपुरती वापरावी.

प्रश्न : आमच्या कार्यालयात ‘एकही वॉर्निंग नको’ असा नियम झाला आहे आणि प्रत्येक वॉर्निंगला एरर मानणारा ‘-डब्ल्यू-एरर’ हा पर्याय सक्तीचा आहे. सहकारी दिसेल तेथे कास्ट घालून वॉर्निंग घालवतात. हे योग्य आहे का?

उत्तर : नियम योग्य आहे, पाळण्याची पद्धत चुकीची आहे. आपण पाठवलेलाच तुकडा घेतो. लूपची अट ‘आय < एसटीआरलेन(एस) - १’ अशी आहे आणि ‘आय’ हा ‘इंट’ आहे. ‘एसटीआरलेन’ मजकुराची लांबी सांगते. ‘-डब्ल्यू-एक्स्ट्रा’ दिल्यावर चिन्ह असलेल्या आणि चिन्ह नसलेल्या संख्यांची तुलना होत असल्याची वॉर्निंग आली, आणि आपल्या सहकाऱ्यांनी ‘आय’च्या आधी ‘साइज-टी’ या चिन्ह नसलेल्या प्रकाराचा कास्ट लावून ती मिटवली. आता मजकूर रिकामा आहे असे समजा. ‘एसटीआरलेन’ शून्य देते. ते शून्य ऋण होऊ न शकणाऱ्या प्रकारातले असते, त्यामुळे त्यातून एक वजा केला की उणे एक मिळत नाही. ६४ बिटच्या यंत्रावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मिळतात. लूप शून्य वेळा फिरण्याऐवजी मजकुराबाहेरच्या स्मृतीत धावत सुटतो. कंपायलरने तुलनेवर बोट ठेवले होते, दोष शेजारच्या वजाबाकीत होता, आणि कास्टने ते बोट तेवढे बाजूला केले. खरी दुरुस्ती अशी की ‘आय’ला ‘साइज-टी’ हाच प्रकार द्यावा आणि वजाबाकी टाळून अट ‘आय + १ < एसटीआरलेन(एस)’ अशी लिहावी.

वॉर्निंग न समजता घालवण्याचे सर्वांत महागडे उदाहरण डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाचे आहे. ती कंपायलरची वॉर्निंग नव्हती, प्रोग्रॅम चालत असताना स्मृती तपासणाऱ्या व्हॅलग्रिंड या साधनाची होती, पण मुद्दा तोच आहे. ओपनएसएसएल या सांकेतिक लेखनाच्या लायब्ररीत किंमत न भरलेली स्मृती वापरली जाते, अशी तक्रार ते साधन करत असे. २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीतून संबंधित ओळी काढल्या गेल्या आणि तक्रार थांबली. त्या ओळींपैकी एक ओळ यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात नवी सामग्री मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर बदलणारी गोष्ट जवळपास एकच उरली, प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता जास्तीत जास्त ३२,७६८. तेवढ्या सांकेतिक किल्ल्या कोणालाही आधीच बनवून ठेवता येतात. हे मे २००८ मध्ये उघड झाले. त्या आवृत्तीने तोपर्यंत बनवलेल्या सर्व किल्ल्या बदलाव्या लागल्या.

कास्ट नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही. एखाद्या फंक्शनचा साचा बाहेरून ठरलेला असतो आणि त्यातले एक प्राचल आपल्याला लागत नाही; तेव्हा ‘(व्हॉइड) प्राचल;’ अशी ओळ लिहून ‘हे वापरले नाही, ठाऊक आहे’ असे सांगणे ही सर्वमान्य रीत आहे. माझी सूचना अशी की कास्ट घालणाऱ्याने शेजारी एका वाक्याची टीप लिहावी. ज्या कास्टसाठी असे वाक्य लिहिता येत नाही, तो काढून टाकावा.

‘-डब्ल्यू-एरर’विषयी : आपल्या यंत्रांवर, ठरावीक आवृत्तीच्या कंपायलरसोबत तो जरूर वापरावा. कोड इतरांना देताना काढून ठेवावा, कारण कंपायलरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत नव्या वॉर्निंगची भर पडते आणि काल बरोबर असलेला आपला कोड दुसऱ्याकडे विनाकारण अडतो.

प्रश्न : ‘मे बी यूज्ड अनइनिशियलाइज्ड’ ही वॉर्निंग ‘-ओ२’ दिल्यावर येते आणि ते काढल्यावर जाते. कोड तोच असताना असे का?

उत्तर : कोणती किंमत कोणत्या वाटेने कोठे पोहोचते, याचा पाठपुरावा कंपायलर मुख्यतः ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठीचे फेरबदल, करताना करतो, आणि ‘-ओ२’ ते चालू करतो. ते बंद असेल तर तो तेवढ्या खोलात शिरत नाही आणि त्याला शंकाही येत नाही. ‘इज यूज्ड’ असे शब्द असतील तर किंमत न भरलेला चल नक्की वापरला गेला आहे. ‘मे बी’ असेल तर तशी एक वाट त्याला दिसली आहे, आणि ती वाट प्रत्यक्षात अशक्य आहे हे आपल्याला ठाऊक असूनही त्याला सिद्ध करता आलेले नसू शकते. तरी अशी वाट अशक्य का आहे हे आधी स्वतःला पटवून द्यावे. सरसकट ‘= ०’ लिहून मोकळे झाल्यास वॉर्निंग जाते, आणि किंमत भरायची खरोखर विसरली असेल तर तिच्या जागी चुकीचे शून्य निमूटपणे वापरले जाते.

प्रश्न : ‘-डब्ल्यू-ऑल’ दिले म्हणजे सर्व वॉर्निंग चालू होतात ना?

उत्तर : नाही. नावात ‘ऑल’ असले तरी तो एक निवडक संच आहे. ‘-डब्ल्यू-एक्स्ट्रा’ त्यात आणखी भर घालतो, आणि त्यानंतरही पुष्कळ वॉर्निंग नावानिशी मागाव्या लागतात. संच वेळोवेळी बदलतोही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे उघड झाले. पहिली ओळ ‘इफ’च्या ताब्यात होती, दुसरी तिच्याइतकीच आत सरकवून लिहिलेली असूनही ‘इफ’च्या बाहेर होती, त्यामुळे ती नेहमीच चालत असे आणि सर्व्हरने केलेल्या सहीची पुढची तपासणी वगळली जात असे. ओळीची मांडणी एक सांगते आणि अर्थ दुसराच आहे, हे पकडणारी ‘मिसलीडिंग इंडेंटेशन’ नावाची वॉर्निंग जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीत, २०१६ साली, आली आणि ‘-डब्ल्यू-ऑल’मध्ये घातली गेली. आपण पाठवलेल्या आज्ञेत ‘-डब्ल्यू-ऑल’ आहे, पण कंपायलरची आवृत्ती ४.८ आहे, ही वॉर्निंग तिला माहीतच नाही.